घरी इलिप्टिकल: निवड, जोडणी आणि वापर

कर्वेनगरी

इलिप्टिकल (उभं राहून पेडल आणि दांडे हलवत चालायचं व्यायामाचं यंत्र) घ्यायचं मनात आहे अशांसाठी, आणि घेऊन झालंय पण वापरवत नाही अशांसाठीही, हा धागा काढते आहे. दुकानात याला क्रॉस ट्रेनर म्हणतात, ऑनलाइन शोधताना दोन्ही नावं टाकून बघा. मी चाकणला एका कारखान्यात जुळणी विभागात काम करते, त्यामुळे सोसायटीत कुणाकडे असं खोकं आलं की मला हाक येते. त्यातून जे दिसलं ते लिहिते.

लोक स्क्रीन केवढी आहे, ब्लूटूथ आहे का, ॲप कुठलं चालतं यावर आठवडा घालवतात. मशीन पुढे वापरलं जाणार की नाही हे मात्र दोन वेगळ्याच गोष्टींवर ठरतं: पावलाची लांबी तुमच्या उंचीला बसते का, आणि जोडणी नीट झाली आहे का. ज्या घरी मशीन कोपऱ्यात पडून आहे तिथे जवळजवळ प्रत्येक वेळी यातलंच काहीतरी चुकलेलं दिसलं. माणूस आळशी होता म्हणून मशीन बंद पडलं, हे मला पटत नाही.

आधी पावलाची लांबी. पेडल फिरताना पुढचं पाऊल आणि मागचं पाऊल यांच्यात जास्तीत जास्त जे अंतर पडतं ते. उंची सव्वापाच फुटांच्या आत असेल तर १४ ते १६ इंच चालतं, सव्वापाच ते पावणेसहा फुटांना १६ ते १८, आणि त्याहून उंच माणसाला १८ ते २० इंच तरी हवंच. स्वस्तातली बरीच मशीनं १२-१३ इंचांची असतात. त्यावर उंच माणूस चढला की चालल्यासारखं वाटतच नाही, जागच्या जागी गुडघे वरखाली होत राहतात आणि मांडीचा पुढचा भाग भरून येतो. घरात दोघं-तिघं वापरणार असतील तर सगळ्यात उंच माणसाच्या मापाने घ्या. बुटक्या माणसाला लांब पाऊल थोडं ताणून घेता येतं, पण उंच माणसाला आखूड पाऊल कधीच सोयीचं होत नाही.

दुसरं माप दोन पेडलमधल्या आडव्या अंतराचं. ते जास्त असलं की पाय फाकवून चालावं लागतं आणि कंबर व खुब्यावर ताण येतो. हे कागदावर कळत नाही, चढूनच कळतं. म्हणून शक्यतो दुकानात जा, रोजचे बूट घालून जा आणि किमान दहा मिनिटं चालवून बघा. विक्रेता घाई करत असेल तर दुसरं दुकान गाठा.

ताण कशाने दिला आहे तेही विचारा. चुंबकाचा ताण असलेलं घ्या. यात चुंबक जड चाकाच्या जवळ सरकतो पण चाकाला टेकत नाही, चाकात भोवरी प्रवाह (भोवऱ्यासारखे गोल फिरणारे विजेचे प्रवाह) तयार होतात आणि ते चाकाला मागे खेचतात. घर्षण नाही, म्हणून झीज नाही आणि आवाजही जवळजवळ नाही. पट्टा घासून ताण देणारी मशीनं स्वस्त असतात, पण पट्टा झिजतो आणि ताण एकसारखा राहत नाही. चाक जितकं जड तितकी फेरी सलग, ४ किलोच्या चाकावर वरच्या आणि खालच्या टोकाला हिसका जाणवतो.

जोडणीचं सविस्तर लिहायचं आहे, ते पुढच्या प्रतिसादात लिहिते.

कर्वेनगरी

खोकं ४०-५० किलोचं असतं. जिथे मशीन उभं राहणार त्याच खोलीत उघडा, जोडलेलं मशीन पॅसेजमधून वळवताना दाराची चौकट सोलून निघते. जोडायला दोन माणसं लागतात. एकाने धरायचं, एकाने बोल्ट घालायचे.

नट-बोल्टची पाकिटं एकदम फोडू नका. त्यांवर आकडे असतात, पायरीगणिक एकेक पाकीट उघडा. वाकलेला वॉशर आला तर त्याचा खोलगट भाग पाइपच्या गोलाईवर बसला पाहिजे. उलटा लागला की बोल्ट आवळला गेल्यासारखा वाटतो आणि थोड्याच वापरात सैल होतो.

आधी पुढचा आणि मागचा आडवा पाय. मग उभा खांब. या खांबातून स्क्रीनची वायर आणि ताणाची केबल वर येते आणि सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. खांब बसवताना वायर दोन पाइपांच्या मध्ये चेमटली तर स्क्रीनवर वेग शून्यच दिसत राहतो. मी वायरीच्या टोकाला हातभर सुतळी बांधते, सुतळी वरच्या तोंडातून ओढून घेते आणि खांब बसेपर्यंत ती कुणाला तरी धरायला लावते. वायर आत घसरली तर खांब परत उतरवावा लागतो, सुतळीने तो त्रास वाचतो. ताणाची केबल अडकवताना ताण कमी-जास्त करायची चक्री पुस्तिकेत सांगितलेल्या आकड्यावर आणून मगच आकडी अडकवा.

मग मशीनचे हात (धरायचे हलते दांडे) आणि पेडल. L आणि R खुणा बघा. बऱ्याच मशीनवर डाव्या बाजूच्या पेडलच्या बोल्टाला उलटे आटे असतात, म्हणजे तो घड्याळाच्या उलट्या दिशेने आवळतो. हे माहीत नसलं की माणूस जोर लावत राहतो आणि आटे जातात. बोल्ट पहिले दोन-तीन वेढे बोटांनी सहज फिरला पाहिजे. पाना लावल्याशिवाय फिरत नसेल तर तो वाकडा शिरतोय. काढा आणि परत सरळ घाला.

सगळ्यात महत्त्वाचं: सगळे बोल्ट जागेवर बसेपर्यंत कुठलाच पूर्ण आवळू नका. सगळे हाताने बसवा, मशीन जमिनीवर सरळ उभं करा, हलवून बघा, मग समोरासमोरचे बोल्ट आलटून पालटून आवळा. एक बाजू आधी करकचून आवळली की दुसऱ्या बाजूची भोकं जुळत नाहीत.

शेवटी पाणसळ लावा. आडव्या पायांच्या टोकांना फिरवायच्या टोप्या असतात, त्या फिरवून डुगडुग घालवा. आणि आठवडाभर वापरल्यावर सगळे बोल्ट पुन्हा एकदा आवळा. पाइपवरचा रंग आणि प्लॅस्टिकचे बुश (सांध्यात बसवलेल्या गोल नळ्या) दाबाखाली बसतात आणि पहिल्या दिवशी घट्ट असलेला बोल्ट ढिला होतो. हे दुसरं आवळणं फारसं कुणी करत नाही, आणि तक्रारी मात्र त्यातूनच येतात.

टेकडीवाला

धागा उत्तम, जोडणीचं इतकं नीट मराठीत प्रथमच वाचलं. तरी एक प्रश्न मनापासून विचारतो. वेताळ टेकडी आहे, तळजाई आहे, पर्वतीच्या १०३ पायऱ्या आहेत. पुण्यात राहून घरात यंत्रावर चालायचं कशासाठी? सकाळी टेकडीवर भेटणारी माणसं, मोकळी हवा, मोरांचा आवाज, हे घरात कुठून मिळणार? पैसे खर्च करण्याआधी लोकांनी निदान एक महिना टेकडी करून बघावी असं मला वाटतं.

फिजिओ_औंध

टेकडीवाला, तुमचं म्हणणं बरोबर आहे आणि ज्यांना जमतं त्यांनी टेकडीच करावी. पण माझ्याकडे येणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांना चढताना त्रास होत नाही, उतरताना होतो. उतरताना वाकलेल्या गुडघ्यावर पूर्ण भार घेऊन शरीर सावकाश खाली सोडावं लागतं आणि त्या वेळी वाटीच्या मागे दाब बराच वाढतो. पर्वती चढून गेलं की उतरावंच लागतं. इलिप्टिकलवर उतरणं नाही आणि आपटणंही नाही, म्हणून वाटीचं दुखणं असणाऱ्यांना आणि सुरुवातीच्या संधिवातात ते चांगलं मानवतं. शिवाय जून ते सप्टेंबर टेकडीवर निसरडं असतं. साठीनंतर तिथे घसरून मनगट मोडणं परवडणारं नाही.

आता कसं चालवायचं ते सांगते, कारण मशीन चांगलं असूनही चुकीचं चालवणारे खूप आहेत.

चढताना स्थिर दांडा धरा आणि जे पेडल सगळ्यात खाली आहे त्यावर आधी पाय ठेवा. वरच्या पेडलवर आधी पाय दिला की ते झपकन खाली जातं आणि तोल जातो. उतरतानाही चाक पूर्ण थांबू द्या. या चाकाला सायकलसारखं मोकळं फिरणं नसतं, चाक फिरतंय तोवर पेडलही फिरतच राहतं.

पाठ सरळ, नजर समोर, खांदे सैल. दांड्यावर रेलून वजन टाकलं की पायांचं काम निम्मं होतं आणि मान आखडते. गुडघा मागे पूर्ण ताठ करू नका. टाच शक्यतो टेकलेली ठेवा. चवड्यावरच भार राहिला तर दहा मिनिटांत बोटं बधिर होतात, ही फार नेहमीची तक्रार आहे. त्यासाठी बुटाची नाडी थोडी सैल करा, अधूनमधून भार टाचेकडे न्या, दोन मिनिटं उलट्या दिशेने चालवा. अनवाणी चालवू नका, मधुमेह असलेल्यांनी तर अजिबात नाही, आणि त्यांनी रोज तळवे तपासावेत. एवढं करूनही बधिरपणा राहिला तर मात्र दाखवून घ्या.

सुरुवात दहा-बारा मिनिटांनी, अगदी कमी ताणावर. दर आठवड्याला दोन-तीन मिनिटं वाढवा. आधी वेळ वाढवायची, मग ताण. दोन्ही एकदम वाढवले की घोट्याच्या मागची शीर धरते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीत प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम आणि त्याशिवाय किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम सांगितला आहे. हा दुसरा भाग लोक विसरतात. चाळिशीनंतर बायकांना तर मी ठासून सांगते, इलिप्टिकलने दम वाढतो, पण हाडांना लागणारा धक्का त्यात फारसा नाही, त्यामुळे वजनं उचलायलाच हवीत.

सदाशिवपेठी

ताई, माझं वय ६८. गेल्या वर्षी अँजिओप्लास्टी झाली. मुलगा इलिप्टिकल घेऊन देतो म्हणतोय. पावसाळ्यात बाहेर पडता येत नाही म्हणून मलाही हवं आहे. २२० मधून वय वजा करून नाडी किती ठेवायची ते काढतात असं वाचलं. त्या हिशोबाने माझे १५२ येतात. मी कुठपर्यंत जावं?

फिजिओ_औंध

काका, आधी तुमच्या हृदयरोगतज्ज्ञांना विचारा. ते बहुधा स्ट्रेस टेस्ट करून तुमची मर्यादा सांगतील. इथे वाचून सुरुवात करू नका.

तो २२० चा हिशोब निरोगी माणसांसाठीही ढोबळ आहे, आणि अँजिओप्लास्टीनंतर बऱ्याच जणांना बीटा ब्लॉकर गोळी असते. ती नाडी फारशी वाढू देत नाही. मग १५२ चं गणित तुमच्यासाठी निरुपयोगी ठरतं, उलट तो आकडा गाठायच्या नादात जास्त जोर लावला जातो. त्यापेक्षा बोलून बघा. चालवताना सलग वाक्य बोलता आलं पाहिजे. दोन शब्दांत धाप लागली तर ताण जास्त आहे.

दुसरं, एकदम थांबू नका. शेवटची पाच मिनिटं सावकाश. चालवताना पायांच्या स्नायूंमुळे रक्त वर ढकललं जात असतं, अचानक थांबलं की ते पायांत साचतं आणि चक्कर येते. घरात कुणी असतानाच चालवा. छातीत दडपण, जबड्यात किंवा हातात कळ, घाम फुटणं, यातलं काहीही झालं तर थांबून लगेच दवाखाना.

सदाशिवपेठी

आभारी आहे. पुढच्या तपासणीला जाईन तेव्हा विचारतो, मगच मुलाला होकार देतो.

खालच्या_मजल्यावरून

मी हडपसरला दुसऱ्या मजल्यावर राहतो आणि आमच्या बरोबर डोक्यावर हे मशीन आहे. पहाटे पाचला सुरू होतं. आवाज मोठा नसतो, पण घूं घूं असा थर छतातून उतरतो आणि एका लयीत अर्धा तास चालतो. आईला रात्री झोप लागत नाही, पहाटे कुठे डोळा लागतो तेव्हा हे. वर जाऊन भांडायची इच्छा नाही, ती माणसं चांगली आहेत. कृपया सांगा, त्यांनी काय केलं तर हे कमी होईल? आणि एवढ्या वजनाने स्लॅबला धोका आहे का, हेही आई विचारते.

कर्वेनगरी

स्लॅबचं आधी सांगते, म्हणजे आईंची काळजी मिटेल. भारतीय मानक आयएस ८७५ प्रमाणे राहत्या खोल्यांचा स्लॅब चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे साधारण २०० किलो भार धरून काढतात. मशीन ५० किलोचं आणि माणूस ८० किलोचा धरला तरी १३० किलो होतात आणि मशीन जागा एक चौरस मीटरच्या आसपास व्यापतं. धड बांधलेल्या इमारतीत याने काही होत नाही. पुस्तकांनी भरलेलं कपाट याहून जड असतं.

आवाजाचं म्हणाल तर तो हवेतून येत नाही, फरशीतून येतो. योगाची पातळ चटई उपयोगाची नाही. जिममध्ये असतात तशा १५-२० मिलिमीटर जाडीच्या घट्ट रबराच्या टाइल्स मशीनच्या चारही टोकांखाली हव्यात. मशीन भिंतीला टेकलेलं असेल तर चार बोटं पुढे ओढायला सांगा, भिंतीतूनही कंप जातो. शक्य असेल तर खोलीच्या मधोमध न ठेवता तुळईच्या जवळ, कडेला ठेवावं. स्लॅब मध्यभागी जास्त कंप पावतो. आणि ते डुगडुगत नाही ना हे बघायला सांगा, एक टोक अधांतरी असलं की प्रत्येक फेरीला तेच आपटतं.

वेळेचं मात्र तुम्ही बोलायलाच हवं. आईंच्या झोपेचं सांगितलंत तर चांगली माणसं सहाच्या पुढे नक्की सरकतील.

धायरीफाटा

माझी अडचण वेगळी आहे. मशीन घेऊन चार महिने झाले. कंपनीचा माणूस येऊन जोडून गेला, वीस मिनिटांत सगळं उरकून. आता टक्‌ टक्‌ आवाज येतो. फोन केला की डब्ल्यूडी-४० मारा म्हणतात. मारलं. दोन दिवस बरं वाटलं, परत सुरू. विकून टाकावं का?

कर्वेनगरी

विकू नका. आधी तीन गोष्टी बघून सांगा.

एका फेरीत आवाज किती वेळा येतो? पाय न देता हाताने पेडल फिरवलं तर येतो का? आणि डाव्या पायावर भार असताना येतो की उजव्या?

डब्ल्यूडी-४० हे टिकणारं वंगण नव्हे. ते जुनं ग्रीस धुऊन काढतं आणि स्वतः उडून जातं, त्यामुळे दोन दिवस बरं वाटतं आणि मग सांधा आधीपेक्षा कोरडा पडतो.

धायरीफाटा

आज बघितलं. फेरीत एकदाच. हाताने फिरवलं तर अजिबात नाही. उजवा पाय खाली जाताना, साधारण घड्याळात तीन वाजल्याच्या जागी.

कर्वेनगरी

मग सांधे कोरडे असण्याचा प्रश्न नाही. कोरडा सांधा करकरतो, टकटकत नाही. फेरीत एकदाच, भार असतानाच आणि एकाच बाजूला, म्हणजे उजव्या क्रँकचा नट सैल आहे. क्रँक म्हणजे मधल्या आसाला जोडलेला तो आडवा दांडा, ज्याच्या टोकाला पेडलची नळी लागते.

तो घट्ट होईपर्यंत मशीन वापरू नका, अगदी एक फेरीसुद्धा नाही. आसाचं टोक चौकोनी असतं आणि क्रँकचं भोकही चौकोनी. सैल राहून चालवत राहिलं तर भोकाचे कोपरे झिजून गोल होतात, आणि मग कितीही आवळलं तरी पकड येत नाही, अख्खा क्रँक बदलावा लागतो.

आसाच्या टोकावर काळी प्लॅस्टिकची टोपी असेल, ती पातळ स्क्रूड्रायव्हरने उचकटा. आत नट दिसेल. बहुतेक तो खोलात असतो, साधा पाना जात नाही, बॉक्स पाना आणि तो फिरवायची सळई, म्हणजे टॉमी, लागते. माप नक्की घेऊन रविवार पेठेत बोहरी आळीत जा, सुटा बॉक्स पाना मिळेल. एकाने क्रँक घट्ट धरायचा, दुसऱ्याने आवळायचं. जोर लावून आवळा, हा नट नाजूकपणे आवळायचा नसतो.

पेडलच्या सांध्यांवर नायलॉनची कडी असलेले नट असतात. ते काढायची वेळ आली तर नवेच लावा, पुन्हा पुन्हा काढघाल केली की नायलॉन धरत नाही. आणि डब्ल्यूडी-४० मारलेले सांधे फडक्याने पुसून तिथे पांढरं लिथियम ग्रीस लावा. वाटाण्याएवढं पुरे. पट्ट्यावर आणि चाकावर एक थेंबही जाता कामा नये.

हिंजवडी_फेज३

माझ्या मशीनची स्क्रीन अर्ध्या तासाला ४०० कॅलरी दाखवते. वजन ७० किलो. महिनाभर रोज इतकं करूनही वजन हललं नाही. काय चुकतंय?

फिजिओ_औंध

आकडा फुगलेला आहे. मध्यम जोराने इलिप्टिकल चालवणं साधारण ५ मेट धरतात, म्हणजे स्वस्थ बसल्यावर लागते त्याच्या पाचपट ऊर्जा. वजन गुणिले मेट गुणिले तास, म्हणजे ७० गुणिले ५ गुणिले अर्धा, १७५ कॅलरी. ज्या मशीनने तुमचं वजन विचारलंच नाही ते कुणा सरासरी माणसाचा हिशोब दाखवत असतं. ४०० समजून वर एक वडापाव खाल्ला तर हिशोब उलटाच होतो. स्क्रीनवरचा आकडा कालच्याशी आजची तुलना करायला वापरा, बाकी नाही. दांड्यावरचे नाडीचे पत्रेही हलत्या हाताला नीट वाचत नाहीत. नाडी खरंच मोजायची असेल तर छातीचा पट्टा घ्या.

वजन हलत नसलं तरी सोडू नका. जिने चढताना दम कमी लागतो का ते बघा.

वाकडकर

जुनं घेणाऱ्यांसाठी लिहितो. आमच्याकडे बदलीवर येणारे-जाणारे खूप, त्यामुळे सोसायटीच्या ग्रुपवर वर्षभर मशीनं निघत असतात. मी जुनंच घेतलं आणि समाधानी आहे. बघायला जाल तेव्हा ताण सगळ्यात कमीवरून सगळ्यात जास्तवर न्या, फरक स्पष्ट जाणवला पाहिजे. जाणवला नाही तर आतली केबल तुटलेली किंवा सुटलेली असते. पेडल हाताने आडवं हलवा, बोटभर खेळ असेल तर बुश गेलेत. खालच्या बोल्टांवर गंज बघा. बाल्कनीत ठेवलेलं मशीन पुण्याचे दोन पावसाळे सोसतं, तिसऱ्यात बोल्ट धरून बसतात. आणि पुस्तिका मागून घ्या, नसेल तर मॉडेल क्रमांकावरून कंपनीच्या साइटवर मिळते का बघा, आतल्या भागांचे क्रमांक त्यातच असतात.

कमाल वजनाची पट्टीही वाचा. १०० किलोची मर्यादा असलेल्या मशीनवर ९५ किलोच्या माणसाने रोज चालणं बरोबर नाही, हातात वीस किलो तरी राखून ठेवा.

दीड_वर्षाची_आई

लहान मूल असलेल्यांनी कृपया हे वाचा. हात ओढला की पेडल फिरतं, पेडल ढकललं की हात फिरतो. बाळाला हे दोन दिवसांत कळतं. पेडलची नळी आणि फ्रेम यांच्यात बोट सहज सापडतं. आमच्याकडे वापर झाला की ताण सगळ्यात जास्तवर ठेवतो, हात आणि खांब मिळून सायकलची साखळी कुलपासकट लावतो आणि खोलीचं दार बंद. तरीही तिला त्या खोलीत एकटं सोडत नाही. मशीनवर असताना पाठीमागून मूल आलेलं दिसत नाही, म्हणून आम्ही ते दाराकडे तोंड करून ठेवलंय.

कर्वेनगरी

हे फार महत्त्वाचं, पहिल्या प्रतिसादातच यायला हवं असं. धन्यवाद.

धायरीफाटा

कळवायला उशीर झाला. नट सैलच होता, अर्धा वेढा सहज फिरला. बोहरी आळीत बॉक्स पाना मिळाला, दुकानदाराने माप विचारून लगेच काढून दिला. भावाने क्रँक धरला, मी आवळला. आवाज पूर्ण गेला. भोकाचे कोपरे शाबूत आहेत. बाकीचे सगळे बोल्टही आवळून घेतले, मागच्या आडव्या पायाचे दोन तर बोटाने फिरत होते. त्या माणसाने ते हातानेच बसवून ठेवले होते! रोज त्यावर आई चालते हो. आता पाना मशीनशेजारीच टांगून ठेवलाय.

उंचपुरा

खूप उपयुक्त चर्चा. माझी उंची सहा फूट एक इंच. २० इंची पाऊल असलेलं एक मशीन पसंत केलंय, पण ठेवायची जागा माळ्याखाली आहे. माळा जमिनीपासून सात फुटांवर. बसेल का?

कर्वेनगरी

नाही बसणार. पेडल वर असताना तुमचं पाऊल जमिनीपासून साधारण सव्वा फूट वर असतं. सहा फूट एक इंच अधिक सव्वा फूट म्हणजे सात फूट चार इंच, त्यावर चार-सहा इंच मोकळी जागा हवी. सात फूट दहा इंच धरून चाला. राहत्या खोलीची उंची नियमाप्रमाणे किमान २.७५ मीटर, म्हणजे नऊ फूट असते, त्यामुळे माळ्याबाहेर कुठेही अडचण नाही. फक्त पंख्याच्या बरोबर खाली नको. पाती साधारण आठ फुटांवर फिरतात, तुम्ही घाम पुसायला हात वर केलात तर थेट लागतील. पंखा बाजूने वारा देईल असं ठेवा. घ्यायच्या आधी त्याच मशीनचं पेडल सगळ्यात वर आणून जमिनीपासून टेपने मोजा, कारण सव्वा फूट हा सर्वसाधारण आकडा आहे, मॉडेलप्रमाणे दोन-तीन इंचांचा फरक पडतो.

उंचपुरा

रविवारी टेप घेऊन दुकानात जातो. आणि बूटही.